तीन कुलपांचा पापडाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि हे सांगताना मला जराही कमीपणा वाटत नाही. माझ्या एका कोपऱ्याला पोचा आला आहे, हिरवा रंग बराचसा उडाला आहे आणि झाकण बसवताना अजूनही वरून एक चापट मारावी लागते. पण तुमच्या ओळखीच्या किती डब्यांना तीन-तीन कुलपं आहेत, सांगा बरं? मला आहेत. माझ्यात सोनं नव्हतं की नाणं नव्हतं. माझ्यात साधे कागद होते, आणि त्या कागदांनी एकदा पुण्याच्या एका कंपनीला नारायणगावहून हात हलवत परत पाठवलं.

माझा जन्म १९९१ साली जुन्नरच्या बाजारात झाला. सोमाजी नावाचे कारागीर तिथे बसून बादल्या, नरसाळी आणि धान्याच्या कोठ्या बनवत. एके दिवशी नारायणगावच्या उगमबाई त्यांच्याकडे आल्या. त्यांचं घराणं राजस्थानातून दोन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचे यजमान माणिकचंदशेठ यांचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. उगमबाईंनी सोमाजींना बजावलं, "डबा असा करा की मुंगीला पण आत वाट नाय सापडली पायजे." सोमाजींनी कोपरे दोनदा झाळले. तेव्हापासून दहा वर्षं मी मुगाचे पापड सांभाळले. हिंगाचा आणि मिऱ्याचा वास माझ्या अंगात असा मुरला, की तो आजतागायत गेलेला नाही. पुढे या वासाने एका वकिलाला चार शिंका आणल्या. पण ते नंतर.

सन २००० मध्ये उगमबाईंचा मुलगा अरिहंत पुण्याहून कॉम्प्युटर शिकून परत आला. त्याने दुकानात पाइपांच्या मागे एक कॉम्प्युटर मांडला आणि गिऱ्हाइकांची बोलणी ऐकू लागला. गिऱ्हाइकं मोटारीचे भाग घ्यायला येत आणि पाण्यावरून भांडून जात. कालव्याचं पाणी सुटलं की टोकाच्या शेतापासून एकामागून एक पाळी द्यायची, याला शेजपाळी म्हणतात. पण कुणाची पाळी किती वाजता, कुणाची दिवसा, कुणाची रात्री, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होत. अरिहंतला वाटलं, हा हिशोब कॉम्प्युटरने का करू नये?

त्याने निरगुडसरच्या गेणभाऊंना गाठलं. गेणभाऊ तीस वर्षं पाटकरी होते, म्हणजे कालव्यावर फिरून पाणी वाटून देणारे. सगळ्या पाळ्या त्यांच्या डोक्यात. त्यांना विचारून विचारून अरिहंतने प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव 'पाटपाणी'. तो त्याने ओपन सोर्स ठेवला. म्हणजे कुणीही घ्यावा, आतून उघडून बघावा, सुधारावा आणि पुढे द्यावा. फक्त पुढच्याची वाट अडवू नये. माणिकचंदशेठना हे काही झेपलं नाही. "विकायचा नाय तर बनवला कशाला?" एवढंच ते म्हणाले आणि पाइप मोजायला गेले.

एकदा राजुरीचे शेतकरी भगवंत आपल्या मुलीला घेऊन विहिरीच्या मोटारीचा फूटवॉल घ्यायला दुकानात आले. मुलीचं नाव अश्विनी. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. वडील फूटवॉल पारखत असताना तिने पाटपाणीने छापलेला पाळ्यांचा कागद वाचला आणि म्हणाली, "यात रात्रीची पाळी दरवेळी त्याच माणसाला येतेय. आमच्या बाबांना आख्खा हिवाळा रात्रीचंच पाणी धरावं लागंल." अरिहंत खजील झाला. हे गेणभाऊंच्याही ध्यानात आलं नव्हतं. अश्विनीने दोन महिने खपून तो भाग नव्याने लिहिला. मागच्या वेळी ज्याला रात्र आली, त्याला या वेळी दिवस. त्या भागाला सगळे 'फेरा' म्हणू लागले. पाटपाणीचा जीव खरं तर त्या फेऱ्यातच होता.

आता मी यात कसा आलो, ते ऐका. प्रोग्रामला हातभार लावणारे वाढले, तशी एक भानगड झाली. मंचरच्या एका उत्साही गृहस्थाने नकाशे काढणारा एक सुंदर भाग आणून दिला. पुढे कळलं की तो त्याने विकतच्या एका प्रोग्राममधून उचलला होता. तो उपटून काढायला अरिहंतला आठ दिवस लागले. तेव्हा ठरलं, की जो काही देईल त्याने लिहून द्यायचं: 'हे काम मी स्वतः केले आहे. कुणाचे उचललेले नाही. ते मी सर्वांना वापरायला देत आहे.' आणि खाली सही.

"पण हे कागद ठेवायचे कुठं?" अरिहंतने विचारलं.

उगमबाईंनी मला फडताळावरून खाली घेतलं. "पापड दुसऱ्या डब्यात जातील," त्या म्हणाल्या.

गेणभाऊंनी मला ठोकून पाहिलं. "गावदेवाच्या दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं असत्यात, अन् किल्ल्या तीन घरी. ह्यालाबी तसंच करा. म्हंजी कुणा एकट्याला मोह नको, अन् कुणा एकट्यावर आळबी नको."

झालं! माझ्या अंगावर तीन कडी-कोयंडे बसले. एक किल्ली उगमबाईंकडे, दुसरी राजुरीला भगवंतांकडे, तिसरी निरगुडसरला गेणभाऊंकडे. एक कागद आत टाकायचा तर दोन माणसांनी एसटीने यायचं. अरिहंत वैतागायचा, पण मला मनातून भारी वाटायचं. पापडाच्या डब्याला एवढा मान कुठे मिळतो? माझ्या झाकणाला आतून खळीने एक जाड कागद चिकटवला होता. दर वेळी उघडलं की त्यावर तारीख, आत काय गेलं ते आणि तिघांच्या सह्या. लिहायचं काम गेणभाऊंचं. पाटकऱ्याची खोड, पाणी किती सुटलं हे मिनिटासकट लिहिणार. कागद चुरगळलेला असला तर तेही लिहीत.

अठ्ठावीस डिसेंबर २००१ ला अश्विनीचं पत्र आलं. तिने ते आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं. कोरा कागद कशाला वाया घालवायचा, म्हणून स्वतःच्याच प्रोग्रामच्या छापील कागदाच्या पाठीवर. कडेला भोकांची पट्टीसुद्धा तशीच होती. मजकूर तिचा, अक्षर तिचं. आणि सही? सही भगवंतांची. शाळेचा दाखला असो, सोसायटीचा अर्ज असो की लग्नाची यादी, त्या घरातल्या प्रत्येक कागदावर भगवंतच सही करत. कर्ता माणूस समोर बसलेला असताना पोरीची सही कशाला? त्यांनी खिशातला पेन काढला आणि झोकात सही ठोकली. उगमबाईंना काही खटकलं नाही, गेणभाऊंना नाही, अरिहंतला नाही. अश्विनीलासुद्धा नाही. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही नाही. कागद आत आला, झाकणावर चापट बसली, तीन कुलपं लागली.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. पाटपाणी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी पाणी वाटप सोसायट्यांत चालू लागलं. फ्लॉप्या संपल्या की लोक सीडी घेऊन येत. राजुरीत भगवंतांना आता एकाआड एक पाळी दिवसा मिळू लागली आणि ते सगळ्यांना सांगत, "आमच्या पोरीचं काम हाय हे." तोंडाने सांगत हो. कागदावर मात्र काम त्यांचं होतं.

२००३ मध्ये अश्विनीला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथे तिने कौतुकाने आपला फेरा साहेबांना दाखवला. आठ महिन्यांनी नोकरी सोडून ती परत आली आणि मार्च २००४ मध्ये तिच्या पाठोपाठ दुकानावर कंपनीची नोटीस आली. फेरा हा भाग आमच्या नोकराने आमच्या नोकरीत लिहिला आहे, तो आमच्या मालकीचा आहे, त्याचं वाटप ताबडतोब थांबवा. पुढे असंही म्हटलं होतं, की अश्विनीने कंपनीचं काम चोरून गावात वाटलं.

चोर! हा शब्द एसटीपेक्षा वेगाने राजुरीला पोचला. ज्या पोरीचं सगळे कौतुक करत होते, तिला बघून लोक बोलणं थांबवू लागले. तिला दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आलेलं होतं, तेही थांबलं. एके दिवशी ती दुकानात आली, माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि अरिहंतला म्हणाली, "माझा भाग काढून टाक. मला नको हे."

"मग फेरा कोण फिरवणार?" अरिहंत म्हणाला. "परत त्याच माणसांना रात्रीचं पाणी?"

डोळे पुसत ती माझ्या कुलपांकडे बघत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'अगं, तुझा कागद माझ्या पोटात आहे!' पण डबा ओरडणार कसा? उगमबाईंनीच ते ओळखलं. "कागद हाय ना आपल्याकडं," त्या म्हणाल्या. "नोकरीच्या आधीचा हाय. येऊ दे त्यांना."

ते आले. एक साहेब आणि एक वयस्कर वकील. साहेबांनी मला पाहून नाक मुरडलं. "पापडाच्या डब्यात कायद्याचे कागद?"

उगमबाईंनी शांतपणे त्यांच्यापुढे खाकरा आणि चहा ठेवला. भगवंत आणि अश्विनी आले होते. पण तिसरी किल्ली कुठे होती? लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर! त्या दिवशी संकष्टी होती, आणि गेणभाऊ किल्ली खिशात घालून गिरिजात्मजाच्या दर्शनाला गेलेले. साहेब म्हणाले, "एक कुलूप तोडा की." उगमबाई म्हणाल्या, "ते तुमच्याकडं चालत असंल." दोन तास साहेब पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसून राहिले. शेवटी कपाळाला शेंदूर लावलेले गेणभाऊ धापा टाकत आले, "माफी करा पावणं, गर्दी लई व्हती," म्हणाले आणि तीन किल्ल्या फिरल्या.

वकिलांना पहिली शिंक तेव्हाच आली. अरिहंतने कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तारीख पाहिली आणि भुवई उंचावली. मग ते तळाशी आले.

"भगवंत कोण?"

"मी," भगवंत म्हणाले.

"इथे लिहिलंय, हे काम मी स्वतः केले आहे. खाली सही तुमची. हा प्रोग्राम तुम्ही लिहिला?"

साहेबांच्या ओठावर हसू आलं. त्या क्षणी प्रत्येकाला ती चूक दिसली, दोन वर्षांनी, आणि अगदी नको त्या माणसांसमोर. भगवंतांचा चेहरा उतरला. हो म्हटलं असतं तर तिथेच निभावलं असतं. नाही म्हणायचं म्हणजे आपल्याच माणसांत चूक कबूल करायची, आणि तीही गावात इभ्रत असलेल्या माणसाने. पण ते उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई साहेब. मला ते यंत्र चालूबी करता येत न्हाई. घरातल्या समद्या कागदांवर मीच सही करतो, तशी ह्याच्यावरबी केली. सही माझी हाय, काम माझ्या पोरीचं हाय. तिच्या नावाच्या जागी मी माझं नाव घातलं. लई मोठी चूक झाली."

अश्विनी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या लोकांत त्यांना चूक कबूल करताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मग हा कागद निरुपयोगी आहे," वकील म्हणाले आणि त्यांना दुसरी शिंक आली. साहेब उठायला लागले.

तोवर गेणभाऊ माझ्या झाकणात डोकं घालून बोटाने ओळी शोधत होते. "थांबा जरा," ते म्हणाले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "अठ्ठावीस डिसेंबर. राजुरीचा कागद एक. दोन्ही अंगांनी भरलेला. मागं इंग्रजी छपाई, पेन्सिलीच्या खुणा." त्यांनी मान वर केली. "वकीलसाहेब, तुमी एकच अंग बघितलं. दुसरं बघा की."

वकिलांनी कागद उलटला. तिथे फेरा होता, पहिल्या ओळीपासून. मध्ये मध्ये पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, पुढच्या अंगावरच्या पत्राच्याच अक्षरात. वकिलांनी अश्विनीला विचारलं, "ही ओळ खोडून ही का लिहिलीस?" तिचा आवाज आधी कापरा होता. तिसऱ्या ओळीपर्यंत तो सरळ झाला. पाचव्या ओळीला ती टेबलावर बोट आपटून समजावत होती आणि साहेबांना मध्ये बोलायला जागा उरली नव्हती.

मग वकिलांनी आपल्या पिशवीतून कंपनीचा प्रोग्राम काढला, नोटिशीला जोडलेला, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. ओळ ओळ बघत ते एका ठिकाणी थबकले. "हे काय आहे? दोन्हीकडे आहे. चिंचेखालचं वावर?"

साहेब म्हणाले, "ते... काहीतरी तांत्रिक नाव असेल."

भगवंत पुढे झाले. "तांत्रिक न्हाई हो. चिंचंखालचं वावर माझं हाय. आन् त्याच्या खाली लिवलंय ते इहिरीकडचं टुकडं, तेबी माझंच."

प्रोग्राम नीट चालतो की नाही हे पाहायला अश्विनीने आपल्याच शेतांची नावं घातली होती. कंपनीने फेरा उचलला, त्याच्यावर आपलं नाव लावलं, पण राजुरीची वावरं काढायची राहून गेली. पुण्याच्या कंपनीला चिंचेखालच्या वावराला पाणी कशासाठी द्यायचं होतं, हे साहेबांना काही सांगता येईना.

उगमबाई आधी हसल्या. मग माणिकचंदशेठ. मग सगळं दुकान हसलं, आणि चौथी शिंक देऊन झाल्यावर वकीलसुद्धा. त्यांनी फाइल बंद केली. "साहेब, निघू या. हा खटला मी लढणार नाही." जाताना त्यांनी अश्विनीला म्हटलं, "बाळ, पुढच्या वेळी सही स्वतः कर."

पंधरा दिवसांत कंपनीचं पत्र आलं. दावा मागे घेतला होता आणि चोरीच्या शब्दाबद्दल माफी मागितली होती. ते पत्र भगवंतांनी स्वतः राजुरीच्या चावडीवर उभं राहून वाचलं, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा ऊर भरून आला आणि शेवटच्या ओळी अश्विनीच्या आईने, कुशाबाईंनी, वाचून पूर्ण केल्या.

मग माझी साफसफाई झाली. नियम ठरला: ज्याने काम केलं, त्यानेच सही करायची, आणि सही करण्याआधी किल्लीवाल्यांपैकी एकाने त्याला तोंडावर विचारायचं, 'हे काम तुमचं स्वतःचं आहे का?' जुने एकेचाळीस कागद बाहेर काढून तपासले. त्यांत आणखी सात असे निघाले, ज्यांवर वडिलांची, नवऱ्याची किंवा थोरल्या भावाची सही होती. अरिहंत आणि अश्विनी त्या सातही घरी गेले. एका गावी नवरा आधी फार फुगून बसला. मग बायकोने पुढ्यात सही केली आणि तोच चहा टाकायला आत गेला. सात नवी नावं माझ्यात आली. मित्रांनो, इतकं भरल्यासारखं मला पापडांनीही कधी वाटलं नव्हतं. अश्विनीनेही नवं पत्र लिहिलं, तिच्या सहीचं. जुनं मात्र तिने फाडू दिलं नाही. दोन्ही एकत्र टाचून ठेवली.

पुढे माझे दिवस पालटले. सगळं कॉम्प्युटरवर साठू लागलं आणि मी माळ्यावर गेलो. अरिहंतचं लग्न झालं, सून खुशबू घरात आली आणि माळा आवरताना तिने मला भंगाराच्या ढिगात ठेवलं. तीन कुलपांसकट! दोन दिवस मी फुटक्या बादलीशेजारी पडून होतो. ते दोन दिवस मला फार लागले. ज्याच्यासाठी लोक एसटीने येत, त्याला कुणी विचारेना. तिसऱ्या दिवशी उगमबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी मला पदराने पुसलं. खुशबूला त्यांनी रागावलं नाही, सगळी गोष्ट सांगितली. तेव्हापासून खुशबूच माझ्या कुलपांना तेल घालते. मित्रांनो, गंजलेल्या जुन्या वस्तू टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. आणि कुणाच्या कामाखाली कुणाचं नाव लिहिलं जातंय, तेही बघत जा. दोन्हींना फार वेळ लागत नाही.

उगमबाईंना दिसेनासं झाल्यावर त्यांची किल्ली अश्विनीकडे आली. मग २००८ च्या दिवाळीनंतर भगवंत दुकानात आले. बगलेत एक दोनशे पानी वही होती. दोन वर्षं खपून त्यांनी त्यात लिहिलं होतं, शेतकऱ्याने पाटपाणीचा कागद कसा वाचायचा, आपली पाळी कशी शोधायची, चुकली तर कुणाला सांगायचं. सगळं साध्या भाषेत, आपल्या वावरांचे दाखले देऊन. त्यांना ती वही पाटपाणीला द्यायची होती.

गेणभाऊंनी किल्ली फिरवली, भगवंतांनी आपली फिरवली, अश्विनीने तिची. पत्र लिहून तयार होतं. भगवंतांनी खिशातला पेन काढला. अश्विनीने त्यांच्या हातावर हात ठेवला. नियम म्हणजे नियम.

"बाबा," ती म्हणाली, "हे काम तुमचं स्वतःचं आहे का?"

भगवंतांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि मिशीत हसू.

"व्हय," ते म्हणाले. "ह्या बारीला माझंच हाय. अक्षर बघ की."

त्यांनी सही केली, पूर्वीसारखी झोकात नाही, तर सावकाश, एकेक अक्षर जपून. अश्विनीने ती वही माझ्यात ठेवली, अगदी वर, तिच्या त्या दोन टाचलेल्या पत्रांवर. गेणभाऊंनी झाकणाच्या कागदावर लिहिलं: 'राजुरीची वही एक. सही बरोबर.' मग माझ्या झाकणावर चापट बसली आणि तीन कुलपं एकामागून एक लागली.